फोनच्या पोटातला सर्व्हर

‘मॅडम, इथं टॉवरच नाही, मग सर्व्हर कुठनं आला?’

अक्राणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ‘आता पकडलं’ असा भाव होता. त्यांचं काही चुकत नव्हतं. गणिताच्या सरावाचं ते अ‍ॅप ‘इंटरनेटशिवाय चालणारं’ म्हणून शाळांना दिलेलं होतं. आणि फोनच्या पडद्यावर मात्र स्वच्छ इंग्रजीत लिहून आलं होतं की सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. तोरणमाळच्या बाजूच्या या डोंगरांत रेंज हवी असेल तर ठरावीक दगडावर जाऊन उभं राहावं लागतं. तिथे सर्व्हर असणार कुठून?

सर्व्हर त्यांच्या हातातच होता. त्याच फोनमध्ये, त्याच अ‍ॅपच्या आत. अ‍ॅप त्याला भलत्याच ठिकाणी शोधत होतं.

मी नाशिकला राहते आणि दुसऱ्यांनी बनवलेली अ‍ॅप दुरुस्त करते. नवं अ‍ॅप बनवणाऱ्याचं नाव होतं, समारंभात फोटो निघतो. दोन वर्षांनी ते चालेनासं झालं की मला फोन येतो. हे अ‍ॅपही असंच आलं. मूळ बनवणारी मंडळी केव्हाच दुसऱ्या कामाला लागली होती आणि कोडमध्ये त्यांच्या झटापटीच्या खुणा थरांसारख्या साचल्या होत्या. त्या थरांकडे येईनच, पण आधी सरांच्या प्रश्नाचं उत्तर.

सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीतली लुकलुकणारी कपाटं डोळ्यांपुढे येतात, याला बातम्यांसोबत छापली जाणारी छायाचित्रं जबाबदार आहेत. मुळात सर्व्हर हा एक प्रोग्रॅम असतो. तो कोणीतरी काही मागेल याची वाट बघत बसतो आणि मागितलं की देतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो त्यांच्या कामाच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आजचा आठ-दहा हजारांचा फोन त्या यंत्रापेक्षा कितीतरी पटीने ताकदवान आहे. नोकियाच्या संशोधन केंद्राने तर २००६मध्येच अपाची हा नावाजलेला सर्व्हर सिंबियन फोनवर चालवून दाखवला होता. तेव्हा फोनला हे झेपेल का, हा प्रश्न जुना झाला. फोन ते करू देईल का, हा आजचा प्रश्न आहे.

प्रत्येक संगणकाला आणि फोनला स्वतःशीच बोलण्यासाठी एक पत्ता राखून ठेवलेला आहे: १२७.०.०.१. या पत्त्यावर पाठवलेलं काहीही टॉवरपर्यंत जात नाही, वायफायवरही जात नाही. यंत्राच्या आतल्या आत वळून परत येतं. विमान मोड लावलात तरी चालतं. पत्त्यापुढे पोर्टचा आकडा लागतो. तो ६५,५३५पर्यंत कितीही असू शकतो, त्यामुळे एकाच फोनमधले अनेक प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात न येता आपापल्या आकड्यावर कान लावून बसू शकतात. वेबचा नेहमीचा आकडा ८०. पण १०२४च्या खालचे आकडे सहसा साध्या प्रोग्रॅमला मिळत नाहीत, म्हणून प्रोग्रॅमर मंडळींच्या बोटांना ८०८० टाइप करायची सवय लागलेली असते. ही सवय पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे.

आता कोणीही विचारेल, सगळं फोनमध्येच आहे तर सर्व्हरचा खटाटोप कशाला? फाइल सरळ उघडावी. हे गणिताचे खेळ वेबपानं म्हणून बनवले होते, कारण वेबपान एकदा बनवलं की ते अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर चालतं, शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतं. पान एका फाइलमध्ये, प्रश्न दुसऱ्या, चित्रं आणि आवाज आणखी वेगळ्या. पण फोनमधली अशी फाइल सरळ उघडली की पान उघडतं आणि पांढरं राहतं. पानाला प्रश्नांची फाइल वाचायची असते आणि ब्राउझर तिला हात लावू देत नाही.

हा आडमुठेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. पान ज्या ठिकाणाहून आलं त्याच ठिकाणचं बाकीचं सामान त्याने मोकळेपणाने वाचावं, दुसऱ्याचं वाचू नये, हा ब्राउझरचा मूळ नियम. ठिकाण म्हणजे एचटीटीपी की एचटीटीपीएस, पुढचं नाव आणि पोर्ट, या तिन्हींचा मिळून संच. डिस्कवरून उघडलेल्या फाइलला असं ठिकाणच नसतं, म्हणून ब्राउझर प्रत्येक फाइल दुसऱ्या फाइलला परकी समजतो. तसं नसतं तर मेलमधून आलेलं एखादं पान तुम्ही उत्सुकतेने उघडलं असतं आणि त्याने शेजारच्या फोल्डरमधलं तुमचं पॅनकार्ड वाचून कुठेतरी पाठवून दिलं असतं.

अ‍ॅपलच्या बाजूला याला एक जास्तीचा पीळ होता. २०१४मध्ये आयओएस ८सोबत अ‍ॅपलने अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवण्यासाठी नवी, बरीच वेगवान चौकट दिली. पण ती अ‍ॅपमधल्याच फाइली धड उघडेना. पुढच्या वर्षी आयओएस ९मध्ये ते काहीसं दुरुस्त झालं, पण तोवर जगभरच्या प्रोग्रॅमरांनी पळवाट काढून झाली होती: अ‍ॅपच्या आतच छोटासा सर्व्हर चालवायचा आणि चौकटीला सांगायचं, १२७.०.०.१वर जा. फाइलींना ‘ठिकाण’ मिळालं, पानं चालू लागली. पळवाट इतकी सोयीची निघाली की ती तयार साच्यांमध्ये शिरली, आणि साचे उचलून अ‍ॅप बनवणाऱ्या कित्येकांना आपल्या अ‍ॅपमध्ये सर्व्हर आहे याचा पत्ताही नसे.

इथपर्यंत कोणालाही वाटेल की घरातल्या घरात काय चाललंय, बाहेरच्याला काय त्याचं. गोम इथेच आहे.

फोनमधली अ‍ॅप चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी राहतात. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ता समजून वेगळी खोली देतं. एका खोलीतल्या माणसाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. भिंती भक्कम आहेत. पण १२७.०.०.१ ही खोली नव्हे, ती समोरची सामाईक गॅलरी आहे. तुमच्या अ‍ॅपने ८०८०वर सर्व्हर चालू केला म्हणजे खोलीचं दार गॅलरीत उघडलं, आणि त्या गॅलरीतून फोनमधलं कुठलंही अ‍ॅप येऊन कडी वाजवू शकतं. ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं संकेतस्थळसुद्धा येऊ शकतं, कारण ब्राउझर हाही त्याच मजल्यावरचा भाडेकरू. अँड्रॉइड १०पासून कुठल्या अ‍ॅपने कुठलं पोर्ट उघडलं आहे याची यादी इतर अ‍ॅपना वाचता येत नाही, हे खरं. पण एकेक दार ठोठावत जायला कोणी अडवत नाही, आणि फोनच्या आत ही दारं ठोठावून बघायला फार वेळ लागत नाही.

आणि हे नुसतं १२७.०.०.१चं झालं. सर्व्हर चालू करताना प्रोग्रॅमरने पत्ता म्हणून ०.०.०.० दिला, तर त्याचा अर्थ होतो सगळीकडून येऊ द्या. मग त्याच वायफायवरचा कोणीही आत येऊ शकतो. बऱ्याच तयार सर्व्हरांमध्ये न सांगता हाच पत्ता धरलेला असतो, त्यामुळे हा फरक दिसायला चार आकड्यांचा आणि परिणामाला फार मोठा.

जानेवारी २०१९मध्ये हे साऱ्या जगाने पाहिलं. ईएस फाइल एक्स्प्लोरर नावाचं अ‍ॅप तेव्हा दहा कोटींहून जास्त वेळा उतरवून घेतलेलं होतं. आपल्याकडेही त्या काळच्या अँड्रॉइड फोनवर ते सर्रास दिसायचं. रोबेर बाप्तिस्त या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिलं की ते एकदा उघडलं की ५९७७७ या पोर्टवर सर्व्हर चालू होतो आणि त्याच वायफायवर बसलेला कोणीही त्याला विचारू शकतो: या फोनमध्ये कुठले फोटो आहेत, कुठली अ‍ॅप आहेत, अमुक फाइल दे. ना पासवर्ड, ना ओळख. कंपनीने लगेच दुरुस्ती काढली. त्याआधी २०१५मध्ये ट्रेंड मायक्रोने बायदू या चिनी कंपनीच्या मोप्लस नावाच्या तयार कोडबद्दल असंच उघड केलं होतं. तो कोड चौदा हजारांहून जास्त अ‍ॅपमध्ये बसवलेला होता, आणि प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात एक सर्व्हर आज्ञा मिळायची वाट बघत होता. फोनच्या वह्यांत नवे नंबर भर, फाइली पाठव, अशा आज्ञा.

या दोन्ही गोष्टींत निदान निष्काळजीपणा आहे असं म्हणता येतं. तिसरी गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिच्यात आहे.

३ जून २०२५ रोजी माद्रिदची इमडेआ नेटवर्क्स, नेदरलँड्सचं राडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियमचं लूव्हेन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी एक शोध जाहीर केला. अँड्रॉइडवरची फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही अ‍ॅप मागे चालू असताना फोनच्या आत काही ठरलेल्या पोर्टवर कान लावून बसत होती. दुसरीकडे, लाखो संकेतस्थळांवर मेटा कंपनीचा ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड असतो. दुकानदाराला जाहिरातीचा हिशेब कळावा म्हणून दुकानदारच तो लावतो. तुम्ही ब्राउझरमध्ये असं एखादं संकेतस्थळ उघडलं की हा कोड तुमच्या ब्राउझरची एक खूण गॅलरीतून त्या पोर्टवर पोचवायचा. पलीकडे अ‍ॅपमध्ये तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन केलेलं. म्हणजे ब्राउझरमधला निनावी वाचक कोण, हे तिथल्या तिथे जुळलं. तुम्ही इनकॉग्निटो वापरा, कुकी पुसून टाका, काही उपयोग नाही. त्या साऱ्या तजविजी ब्राउझरच्या खोलीतल्या, आणि हा व्यवहार खोलीबाहेरचा. मेटाचा हा प्रकार सप्टेंबर २०२४पासूनचा, आणि रशियाची यांडेक्स कंपनी अशाच युक्तीने २०१७पासून काम चालवत होती, असं संशोधकांना आढळलं. शोध जाहीर झाला त्याच दिवशी मेटाने तो कोड थांबवला. धोरणाच्या अर्थाबाबत गैरसमज झाला असावा, गूगलशी बोलणं चालू आहे, अशा आशयाचं स्पष्टीकरण कंपनीने दिलं. मला ते पटलं नाही. पोर्ट आपोआप उघडत नाही. कोणीतरी बसून आकडा निवडावा लागतो.

अशा प्रकारांमुळे फोन बनवणाऱ्यांनी एकेक कुलूप वाढवत नेलं, आणि त्याचा जाच माझ्यासारख्यांना रोज होतो. आता त्या कुलपांकडे वळते.

पहिलं कुलूप परवानगीचं. अँड्रॉइडवर फोनच्या आतल्या आत बोलायचं असलं तरी अ‍ॅपला इंटरनेटची परवानगी जाहीर करावी लागते. ही परवानगी फोन तुम्हाला वेगळी विचारत नाही, पण यादीत ती दिसते. एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी ती यादी उघडून मला विचारलं होतं, ‘ऑफलाइन अ‍ॅप म्हणता, मग याला पूर्ण नेटवर्क कशाला लागतं?’ त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांचा संशय मला आवडला, हेही सांगते. असं विचारणारे फार थोडे भेटतात.

दुसरं कुलूप एचटीटीपीवर. अ‍ॅपलने २०१५मध्ये आयओएस ९पासून आणि गूगलने २०१८मध्ये अँड्रॉइड ९पासून असा नेम केला की अ‍ॅपने उघड्या, कूटबद्ध न केलेल्या एचटीटीपीवर बोलायचं नाही, एचटीटीपीएस हवं. चहाच्या हॉटेलातल्या वायफायवर कोणी मधेच ऐकू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच. पण अँड्रॉइडवर हा नेम १२७.०.०.१लाही लागू होतो, जिथे मधे ऐकायला वायफायच नाही. गंमत अशी की ब्राउझरचे नियम लिहिणाऱ्यांनी नेमकं उलट ठरवलंय: १२७.०.०.१वरचं साधं एचटीटीपीही ते विश्वासाचं मानतात, कारण तो मजकूर यंत्राबाहेर पडतच नाही. एकाच फोनमध्ये दोन कायदे. तोडगा म्हणजे या एका पत्त्यापुरती सूट लिहायची, जशी अ‍ॅपलनेही स्थानिक पत्त्यांसाठी वेगळी सूट ठेवली आहे. पण घाईतले लोक सगळ्या जगासाठी एचटीटीपी मोकळं करणारी एक ओळ टाकून मोकळे होतात. अ‍ॅप चालतं, ग्राहक खूश, आणि मूळ कुलूप कायमचं उघडं.

मग फोनच्या आतल्या सर्व्हरलाच एचटीटीपीएस का करू नये? इथे एक सुरेख सापळा आहे. एचटीटीपीएसला प्रमाणपत्र लागतं, आणि कुठलीही जाहीर प्रमाणपत्र-संस्था ‘लोकलहोस्ट’ या नावाचं प्रमाणपत्र देत नाही, कारण ते नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही. प्रत्येक यंत्राचं तेच नाव आहे. यावर हुशार लोक काय करतात? स्वतःचं एक खरं नाव विकत घेतात, त्या नावाचा पत्ता १२७.०.०.१ असा नोंदवतात, त्या नावाचं खरंखुरं प्रमाणपत्र मिळवतात आणि ते गुप्त किल्लीसकट अ‍ॅपमध्ये भरून देतात. आता किल्ली प्रत्येक ग्राहकाच्या फोनमध्ये गेली. अँड्रॉइडचं अ‍ॅप म्हणजे एक झिप फाइल. कोणीही ती उघडून किल्ली काढू शकतो. आणि किल्ली फुटल्याचं कळलं की प्रमाणपत्र चोवीस तासांत रद्द करायचं बंधन संस्थांवर आहे. एक ईमेल गेला की साऱ्या ग्राहकांची अ‍ॅप दुसऱ्या दिवशी ठप्प. स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र वापरावं तर फोन ते मानत नाही. ‘चूक आली तरी पुढे जा’ असं कोडमध्ये लिहिणारेही आहेत, पण त्याला प्ले स्टोअर हरकत घेतं, आणि घ्यायलाच हवी.

तिसरं कुलूप कोडवर. अँड्रॉइड १०साठी बनवलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या लिहिता येण्याजोग्या फोल्डरमधला प्रोग्रॅम चालवता येत नाही. म्हणजे पीएचपीसारखा तयार सर्व्हर नंतर उतरवून घ्यायचा आणि चालवायचा, हे बंद. जे चालवायचं ते अ‍ॅपसोबतच आलेलं असलं पाहिजे. टर्मक्स हे फोनवर लिनक्सचं वातावरण देणारं लोकप्रिय अ‍ॅप या नियमामुळे जुन्या नियमावलीलाच धरून राहिलं. अ‍ॅपलकडे नंतर आणलेला कोड चालवून अ‍ॅपचं रूप बदलायला नियमानेच मनाई आहे.

आणि चौथं झोपेचं. हे सरांच्या फोनपर्यंत येऊन पोचतं.

फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे गेलेलं अ‍ॅप झोपवतो. आयफोनवर अ‍ॅप गोठलं की त्याच्या पोर्टवर पाणी सोडावं लागू शकतं. उठल्यावर सर्व्हर पुन्हा मांडायचा. अँड्रॉइड मेमरी कमी पडली की अ‍ॅप सरळ मारून टाकतं, पण पडदा मात्र होता तसा परत आणायचा प्रयत्न करतं. आता ते थर. आमच्या अ‍ॅपच्या पहिल्या मालकांनी ८०८० हे पक्कं पोर्ट धरलं होतं. त्याच साच्यातून निघालेलं मराठी वाचनाचं दुसरं एक अ‍ॅपही शाळांच्या टॅबवर होतं, त्याचंही ८०८०. आधी उघडेल त्याला पोर्ट मिळे, आणि दुसरं अ‍ॅप बापडं आपलाच सर्व्हर समजून पहिल्याच्या सर्व्हरकडे पानं मागे. वाचनाचं अ‍ॅप उघडलं की गणित उघडायचं. मुलांना हे फार आवडलं होतं म्हणतात.

मग कोणीतरी उपाय केला: पोर्ट पक्कं ठेवायचंच नाही, दर वेळी फोन देईल ते मोकळं घ्यायचं. सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं, बाहेरच्याला अंदाज बांधता येत नाही. पण मघाशी सांगितलं तसं, पोर्ट हा ‘ठिकाणा’चा भाग आहे. आकडा बदलला की ब्राउझरच्या लेखी ते नवंच ठिकाण, आणि मुलाने काल कुठवर मजल मारली ही नोंद जुन्या ठिकाणच्या नावावर. ‘काल केलेली बेरीज आज पुन्हा करायला लावतंय’ ही तक्रार तिथून आली. आणि सरांच्या फोनवर काय झालं होतं? अ‍ॅप मागे गेलं, फोनने ते मारलं, परत उघडल्यावर सर्व्हर नव्या पोर्टवर सुरू झाला आणि पडदा जुन्या पोर्टचं पान मागत राहिला. संपर्क होऊ शकला नाही हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

असा सर्व्हर ठेवायचाच तर त्याला राखण हवी. फक्त १२७.०.०.१वर ऐकायचं. अ‍ॅप सुरू होताना एक लांबलचक यादृच्छिक परवलीचा शब्द तयार करून तो फक्त आपल्या पडद्याला द्यायचा, आणि तो न सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. शिवाय येणारी प्रत्येक मागणी कुठल्या नावाने आली हे तपासायचं, कारण एखादं लबाड संकेतस्थळ स्वतःच्या नावाचा पत्ता मधेच बदलून १२७.०.०.१ करतं आणि ब्राउझरला वाटतं आपण अजून त्याच संकेतस्थळावर आहोत. मागणीतलं नाव मात्र त्या लबाडाचंच राहतं, तिथे तो सापडतो.

मी यातलं काही केलं नाही. सर्व्हरच काढून टाकला.

अँड्रॉइडमध्ये आता अशी सोय आहे की गूगलने यासाठीच राखलेल्या एका एचटीटीपीएस नावाची पानं तुमचा पडदा मागतो आणि ती मागणी बाहेर पडायच्या आत अ‍ॅपच अडवून स्वतःजवळची फाइल देतं. अ‍ॅपलनेही २०१७मध्ये आयओएस ११पासून अशीच तरतूद दिली. पोर्ट नाही, गॅलरी नाही, प्रमाणपत्राची कटकट नाही, आणि ठिकाण कायम एकच, त्यामुळे कालची बेरीज कालच संपते. दुरुस्तीच्या कामात माझ्या हाती येणाऱ्या अशा अ‍ॅपपैकी बहुतेकांना सर्व्हरची गरज कधी नव्हतीच. एका जुन्या अडचणीवरचा उपाय अडचण संपल्यावरही मुक्काम करून राहिलेला असतो. बिल मात्र सर्व्हर काढल्याबद्दल लावताना थोडं अवघड जातं. ग्राहकाला वाटतं, यांनी तर सामान कमी केलं.

खरोखर सर्व्हर हवा तो दुसऱ्याला आत बोलवायचं असतं तेव्हा. आयफोनवरच्या व्हीएलसीमध्ये वायफायवरून चित्रपट चढवायचा तर ते अ‍ॅप एक पत्ता दाखवतं, तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की काम होतं. किविक्सचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं. अख्खा विकिपीडिया, मराठीसुद्धा, एका फाइलमध्ये भरून नेटशिवाय वाचायला देणारं हे मुक्त अ‍ॅप. त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत शिक्षक आपला फोन हॉटस्पॉट करून सर्व्हर चालू करू शकतात. मुलांच्या टॅबमध्ये किविक्स नसलं तरी चालतं, साधा ब्राउझर पुरतो. इथे दार सगळ्यांसाठी उघडं आहे, पण ते शिक्षकाने स्वतः उघडलंय, पत्ता पडद्यावर आहे आणि आत आहे तो विकिपीडिया, कोणाचे फोटो नव्हेत. ईएस फाइल एक्स्प्लोररच्या सर्व्हरशी याची तुलना केली की फरक कुठे आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

कुलपं इथेही आहेतच. टॅबचा ब्राउझर या पत्त्यापुढे ‘सुरक्षित नाही’ लिहितो, कारण १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता यंत्राबाहेरचा आणि एचटीटीपी उघडं. वाचायला हरकत नाही, पण अशा पानाला टॅबचा माइक किंवा कॅमेरा मिळत नाही. मोठ्याने वाचून दाखवायचे खेळ इथून चालणार नाहीत. आयफोनवर आयओएस १४पासून, म्हणजे २०२०पासून, अ‍ॅपला आसपासच्या यंत्रांशी बोलायचं तर ते आधी तुम्हाला विचारतं. आणि २०२५च्या अखेरीस क्रोमने संकेतस्थळांनाही हाच नियम लावायला सुरुवात केली: बाहेरच्या संकेतस्थळाला तुमच्या घरच्या नेटवर्ककडे किंवा १२७.०.०.१कडे जायचं असेल तर पडद्यावर प्रश्न येतो. बातम्या वाचताना किंवा साडी बघताना असा प्रश्न आला तर ‘नको’ म्हणा, काही अडत नाही. प्रिंटर जोडताना आला तर गोष्ट वेगळी.

किविक्समध्ये सर्व्हर सुरू करायचं बटण आहे तसं थांबवायचंही आहे. तास संपला की ते दाबायचं, हे मी सरांना दोनदा सांगून आले. हॉटस्पॉट आणि सर्व्हर दिवसभर चालू राहिले तर दुपारच्या खिचडीपर्यंत बॅटरी उतरते, आणि चार्जिंगला त्या शाळेत वीज असेलच असं नाही.